प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणारा

मी एकदा चर्चमधून चुकीचा माणूस घरी जेवायला आणला.

नाताळच्या आधीचा रविवार होता. पाळकसाहेबांनी पाहुणचारावर उपदेश केला आणि शेवटी गृहपाठ दिल्यासारखं सांगितलं, की आज प्रत्येक घराने एका एकट्या माणसाला आपल्या पंगतीला न्यायचं. मी आमच्या मंडळीच्या स्वागत समितीत आहे. म्हणजे दारात उभं राहून गीतांची पुस्तकं वाटतो आणि कुणी नवीन दिसलं की मोठ्याने हसतो. त्यामुळे माणूस नेण्यात आपण मागे राहता कामा नये असं मला वाटलं. पण उपासना संपेपर्यंत सोयीची एकटी माणसं पटापट संपली. कमी जेवणाऱ्या निवृत्त बाई एका घराने उचलल्या, गोड गळ्याची नर्स दुसऱ्याने. मी पुस्तकांचा ढीग सांभाळत दाराशी आलो, तर उरलं कुणीच नव्हतं.

मग शेवटच्या बाकामागे भिंतीशी उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ दिसले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात छोटी बॅटरी. बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्या परळ-लालबागला टॉर्चला बॅटरीच म्हणतात. उपासना चालू असताना उशिरा आलेल्यांना ते दोन बोटांनी रिकामी जागा दाखवत होते, हे मी पाहिलं होतं. म्हटलं, दुसऱ्या कुठल्या तरी चर्चमधून आलेला, सेवेची सवय असलेला माणूस. मी पुढे होऊन "सलाम" म्हटलं. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं भेटलो की सलामच म्हणतो. त्यावर त्यांनी टाचा जुळवून, हात कपाळाला लावून कडक सलाम ठोकला. झालं. माझी खात्रीच पटली.

"चला, आज आमच्याकडे जेवायला."

"आज?"

"आजच."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मी दुसऱ्याच कुणाशी बोलत नाही ना म्हणून. मग निमूट माझ्या मागे आले.

घरी टेबलाभोवती आम्ही तिघं, मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी, आणि चौथे हे. जेवणावर आशीर्वाद मागायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे, आणि मी तो मागताना घाई करत नाही. नगरकडचे माझे चुलते, शीवची बहीण, अँटॉप हिलचा भाऊ, त्याची नवीन नोकरी, आईचे गुडघे, असं सगळं देवाच्या कानावर घालून मग मी अन्नाकडे वळतो. त्या दिवशी पाहुणा होता म्हणून थोडं जास्तच घातलं. आमेन म्हणून डोळे उघडले, तर गृहस्थ हात मांडीवर ठेवून टक्क उघड्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होते.

"झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"झालं."

"मला वाटलं, फोनवर बोलताय. ते कानातलं असतं ना, तसलं."

मुलगी पाण्याच्या ग्लासात हसली. मी तरीही भानावर यायला तयार नव्हतो. संभाषण योग्य मार्गाला लावावं म्हणून विचारलं, "तुमची मंडळी कुठली?"

मंडळी म्हणजे आमच्यात चर्चची माणसं, सभासद. हे मला इतकं अंगवळणी पडलेलं आहे की या शब्दाला जगात दुसराही अर्थ आहे, हे मी विसरलो होतो.

"मंडळी गेली," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

"अरेरे. कुठे गेली? विरारला?" आमच्या ओळखीची निम्मी माणसं घर परवडत नाही म्हणून विरारला गेली आहेत.

त्यांनी बोट वर केलं. छताकडे. मी छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर कोण राहतं याचा मी खरोखरच विचार केला. आणि मग बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

गृहस्थ ख्रिस्ती नव्हते. कोकणातले, लालबागच्या एका चाळीत एकटेच राहणारे. आयुष्यभर एका थिएटरात डोअरकीपर होते. अंधारात लोकांना बॅटरीने खुर्च्या दाखवायच्या. थिएटर बंद पडलं, मग पाडलं, आता तिथे काचांची इमारत आहे. त्या रविवारी चर्चवरून जाताना त्यांना दारं सताड उघडी दिसली. आत रांगेत बसलेली माणसं, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. पाय आपोआप आत वळले. "बसायचं सुचलंच नाही साहेब. अशा जागी मी कधी बसलोच नाही." आणि सलाम? युनिफॉर्मवाल्याला कुणी सलाम म्हटला, तर तो काय करणार?

मी कानकोंडा झालो. पण ते उठायच्या बेतात दिसल्यावर बायको म्हणाली, "बसा हो. मटण निवतंय." तिने वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग माझ्याकडे न बघता थेट तिच्याकडे बघून विचारलं, "खंयची गो तू?"

बायकोचा डाव हवेतच राहिला.

"ह्यो मसालो माका वळखीचो लागता," ते म्हणाले.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या घरात मटण नगरी पद्धतीचं होतं. माझ्या आईने घालून दिलेली शिस्त. बायको मालवणकडची, हिंदू घरातली. आम्ही एकाच ऑफिसात होतो. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी तिला सांगितलं, की तू बाटलीस, तू आम्हाला मेलीस. आणि शब्दाचे इतके पक्के निघाले, की पंचवीसेक वर्षांत तिच्या माहेरचं कुणी आमच्या घराचा उंबरा चढलं नाही. वडील गेले, नंतर आई गेली, दोन्ही वेळा तिला कळलं ते तेरावं उलटल्यावर, बाजारात भेटलेल्या कुणाकडून. त्याबद्दल ती बोलत नाही. मीही बोलत नाही. मला वाटायचं की न बोलल्याने ते बरं होत असावं. तर आईची शिस्त मोडून ती गेली कित्येक वर्षं मटणात चिमूटभर मालवणी मसाला टाकते आहे, हे मला त्या रविवारी, एका चुकीच्या माणसाकडून कळलं.

तिने गावाचं नाव सांगितलं. त्यांनी आपलं सांगितलं. मधे म्हणे एकच खाडी. मग जी सुरू झाली ती मालवणी. इतकी वर्षं जी भाषा आमच्या घरात फक्त तिच्या झोपेत ऐकू यायची, ती टेबलावर मोठ्याने चालू होती, आणि मी आणि मुलगी सबटायटल नसलेला सिनेमा बघावा तसे बसून होतो. जाताना ते दारात म्हणाले, "बरा जेवलंय गो चेडवा." चेडू म्हणजे मुलगी. तिला कुणी मुलगी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी या," ती म्हणाली. मी म्हणणारच होतो, स्वागत समितीत असल्याने; पण ती आधी म्हणाली.

ते दर रविवारी येऊ लागले. आधी चर्चमध्ये, भिंतीशी उभे. पाळकसाहेबांनी एकदा बसायला सांगितलं, तर म्हणाले, "तुमचं चालू द्या, मी आहे इथे." त्यांच्यामुळे आमच्याकडे उशिरा येणाऱ्यांची फार सोय झाली. मग आमच्या घरी. बायको त्यांच्यासाठी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालू लागली, रविवारी मटणाबरोबर वडे होऊ लागले. आई नाराज झाली, मग तिनेच वडे मागून नेले. मी एकदा सहज म्हटलं, "आमच्या नगरी रश्श्याचं काय?" तर म्हातारबाबा म्हणाले, "जावईबापू, तो आजारी माणसाला द्यावा. पचतो."

जावईबापू. साहेबचा जावईबापू कधी झाला ते कळलंच नाही. माझ्या लग्नात सासरकडून कुणी आलंच नव्हतं. मला कुणी कधी रुसायची संधी दिली नव्हती. आता अर्धे केस गेल्यावर मला अचानक जावईपण आलं. मटणातला नळीचा तुकडा ते आपल्या ताटातून उचलून माझ्या ताटात टाकत. त्या वर्षी अधिक महिना आला. अधिकात जावयाला अनारसे देतात, तेहतीस असतात म्हणे. ते दादरहून पुडा घेऊन आले, बायकोला दिवा लावायला लावला आणि मला पाटावर बसवून ते वाण दिलं. मी क्रुसावरच्या प्रभूच्या चित्राखाली, मांडी घालता येत नाही म्हणून एक पाय लांब करून, अनारशाचं वाण हातात घेऊन बसलेला. मुलीने फोटो काढला. "बाबा, स्वागत समितीच्या ग्रुपवर टाकू?"

"खबरदार."

तेहतीस होते की नाही मी मोजले नाहीत. खाल्ले.

प्रार्थनेत मात्र ते डोळे मिटत नसत. मुलीने एकदा विचारलं, "आजोबा, तुम्हाला नाही वाटत मिटावेसे?" तर म्हणाले, "बाळा, सगळे पडद्याकडे बघत असायचे तेव्हा मी माणसांकडे बघत उभा असायचो. आता या वयात कसं जमणार?"

रात्रीसाठी भाजी डब्यात भरून द्यायची आणि मी ती धरून त्यांना चाळीपर्यंत पोचवायचं, असा रिवाज पडला होता. एका दुपारी लालबागच्या पुलाखाली सिग्नलला उभे होतो. ते म्हणाले, "जावईबापू, एक बोलू? राग नका मानू."

"बोला की."

"चेडू रडते."

मला समजेना. "कधी?"

"तुम्ही देवाशी बोलत असता तेव्हा. तुमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. आमेनच्या आत पुसून टाकते."

"आज?"

"आज. मागल्या रविवारी पण. मी पहिल्यांदा आलो, तेव्हासुद्धा."

सिग्नल सुटला आणि पुन्हा लागला. मी डबा या हातातून त्या हातात घेतला. एवढी वर्षं मी त्या टेबलावर, तिच्यापासून एका ताटाच्या अंतरावर, डोळे मिटून जगातल्या सगळ्या नातेवाइकांची काळजी वाहत होतो.

"का रडते, ते विचारलंत?"

"मी कशाला विचारू? अंधारात रडणारी माणसं खूप बघितलीत. बॅटरी दुसरीकडे फिरवायची असते."

मीही विचारलं नाही. मला जे येतं तेच मी केलं, प्रार्थना लांबवली. आईच्या गुडघ्यांनंतर "माझ्या पत्नीच्या माहेरच्या माणसांना" घातलं, त्यांच्या शेतीवाडीला, त्यांच्या आरोग्याला. आमेन झाल्यावर बायको एवढंच म्हणाली, "भात निवतो एवढ्या सगळ्यांना आणलं की." पण म्हातारबाबांनी माझ्याकडे बघून मान किंचित डावीकडून उजवीकडे हलवली. आज नाही. तेव्हापासून तो आमचा इशारा झाला. आमेन म्हटलं की मी आधी त्यांच्याकडे बघायचो. बहुतेक वेळा मान नाहीची हलायची. आणि दिवस जात गेले तसं मी बघायचं विसरू लागलो, इतकी ती नेहमीच नाहीची झाली. दुपारी त्या दोघांच्या गप्पा स्वयंपाकघरात चालायच्या, ती गावच्या देवळाबद्दल, खाडीतल्या होडीबद्दल, कुणाच्या तरी म्हशीबद्दल विचारायची आणि लहान मुलीसारखी "मगे? मगे काय झाला?" म्हणायची.

पावसाळ्यात त्यांना ताप आला, तो छातीत उतरला. आम्ही दवाखान्यात ठेवलं. घरी सोडलं तेव्हा टॅक्सीत ते चाळीचा पत्ता सांगू लागले. बायकोने ड्रायव्हरला आमचा सांगितला. हॉलमधल्या दिवाणावर त्यांचं अंथरूण पडलं. चार दिवसांसाठी असं ठरलं होतं, पण चार दिवस संपल्याचं कुणी काढलंच नाही. एक दिवस मी चाळीतून त्यांचे कपडे आणि देव्हाऱ्यातला छोटा गणपती घेऊन आलो. गणपती कुठे ठेवायचा यावर घरात अर्धा तास बैठक झाली. शेवटी तो फ्रीजवर बसला. बायको म्हणाली, थंड जागा आहे, बरी आहे. मला पाळकसाहेबांचं थोडं टेन्शन होतं. ते भेटायला आले, फ्रीजकडे पाहिलं, म्हणाले, "पाहुण्याचं सामान आहे," आणि चहा मागितला.

एकदा म्हातारबाबांनी मला विचारलं, "मी इथेच राहिलो तर चालेल?" असं विचारलं, जसं काही खुर्चीचा नंबर विचारतायत.

"चालेल म्हणजे? राहायचंच आहे."

"शेवटपर्यंत?"

"अहो, शेवटपर्यंत."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी दुपारी ते पहिल्यांदा दिवाणावर पाय वर घेऊन झोपले.

गणपतीच्या आधी त्यांचा पुतण्या गावाहून आला. चाळीतल्या कुणीतरी त्याला कळवलं होतं. चाळिशीचा माणूस, शेतात रापलेला, हातात आमच्यासाठी नारळांची पिशवी. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला भांडता आलं असतं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि भिंतीवरचं चित्र, दिवाण, फ्रीजवरचा गणपती असं बघत राहिला.

"काकांना न्यायला आलोय," तो म्हणाला.

"ते बरे आहेत इथे," मी म्हटलं.

"दिसतंय साहेब. तुमचे उपकार आहेत. पण गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. लोक विचारतात, तुमचो काको बाटलो काय?"

बायको चहा घेऊन येत होती. तो शब्द तिने ऐकला. ट्रेमधले कप वाजले नाहीत. तिने ट्रे नीट ठेवला, त्याच्यासमोर कप सरकवला, साखर विचारली. पण मी तिच्याकडे पाहिलं आणि मला पंचवीस वर्षांपूर्वीची ती दिसली, वडिलांच्या दारातून निघालेली.

"कुणी बाटलं नाही हो," मी म्हटलं. "ते प्रार्थनेत डोळेसुद्धा मिटत नाहीत. हवं तर विचारा."

पुतण्याला यात विनोद दिसला नाही. तो काकांकडे वळला. "बाबा गेले. आता घरात मोठे तुम्हीच. गणपतीला पाटावर कोण बसणार? सगळे म्हणतात, काकांना आण."

म्हातारबाबा दिवाणावर बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होतो, की आता म्हणतील, नाही येत. शेवटपर्यंत ठरलंय. पण त्यांचं तोंड बघून मला कळलं. ते वळले, माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

"माका बोलावल्यानी गो," ते म्हणाले. "पयल्यांदाच."

तिने त्यांचे कपडे घडी केले. गणपती पुतण्याच्या टॉवेलात गुंडाळला. वाटेसाठी वडे केले. दारात त्यांनी पुतण्याच्या पिशवीतलाच एक नारळ काढला, तिने पदर पुढे केला आणि त्यांनी तो पदरात घातला. बापाने लेकीची ओटी भरायची नसते, ते काम बायकांचं, एवढं मला इतक्या वर्षांत ऐकून माहीत झालं आहे. पण दुसरं कोण होतं?

"दिवाळी झाली की ये," ते म्हणाले. "माहेरपणाक ये. ह्याका घेवन ये, जावयाक." पुतण्या जिन्याकडे बघत होता.

बॅटरी विसरले. की ठेवून गेले. ती गणपतीच्या जागी फ्रीजवर राहिली.

रविवारी बरोबर जेवायच्या वेळी फोन यायचा. "आमेन झाला काय?" असं विचारायचे आणि मग तिच्याशी बोलायचे. गणपती चांगला झाला. लोक आले. पाटावर बसवलं. पाय दुखले. मग एका रविवारी मी स्पीकरवर ऐकलं, ते म्हणत होते, "माणसां खूप आसत गो. पण जेवताना कोण बोलत नाय. आपापला ताट घेवन बसतत." बायको म्हणाली, "मी येतंय. दिवाळी झाली की येतंय." तिने नवी साडी घेतली. माझ्यासाठी शर्ट घेतला, जावयाला शोभेल असा, म्हणजे मला न शोभणारा. मुलीने सुट्ट्या बघितल्या. मी पुतण्याला फोन केला, तर तो म्हणाला, आत्ता नको, घराचं काम काढलंय. दिवाळीनंतर केला, तर म्हणाला, कापणी चालू आहे, नंतर बघू. आवाजात राग नव्हता. अवघडलेपणा होता. मी समजलो. ख्रिस्ती जावई आणि बाटलेली लेक अंगणात उतरलेली गावाने बघितली असती, तर त्याला पुन्हा सगळ्यांना उत्तरं द्यावी लागली असती. बायकोला मी सांगितलं, काम संपलं की बोलावतायत.

"हो ना," ती म्हणाली. साडी तिने कपाटात वर ठेवली.

मग रविवारचे फोन थांबले. मी केला तर बंद. पुतण्या म्हणाला, काकांचा फोन बिघडलाय. दोन-तीन रविवार असेच गेले. बायको जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायची, उलटा नाही, सरळ.

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये पुन्हा तोच गृहपाठ मिळाला. मी कुणालाच आणलं नाही. उशिरा आलेले लोक आपापली जागा शोधत ताटकळत उभे होते. घरी येऊन बूट काढतोय तर पुतण्याचा फोन.

"काका गेले," तो म्हणाला. "झोपेतच. तेरावं काल झालं. कळवायचं राहूनच गेलं साहेब."

मी म्हटलं, असं कसं राहून जातं? हे मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बरं." मग तो म्हणाला, "शेवटच्या दिवसांत ते चेडू कधी येतला, चेडू कधी येतला, असं विचारत होते. घरच्यांना वाटलं वात झालाय. त्यांना मुलगी कुठे होती?"

फोन ठेवून वळलो तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला सांगावं लागलं नाही. तिने गॅस बंद केला आणि विचारलं, "तेरावं झालं?"

"काल."

"तेरावं झाल्यावरच कळवतात मला," ती म्हणाली आणि ताटं घेतली.

चार ताटं घेतली. एक परत ठेवलं. मुलगी रडत होती. तिला रडता येतं. आम्ही तिघं बसलो. तिरफळं घातलेलं तिखलं होतं, कारण रविवार होता. मी हात जोडले आणि सुरुवात केली. नगरचे चुलते, शीवची बहीण, आईचे गुडघे. आणि तिथे माझी जीभ अडली, कारण पुढचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना. आणि या टेबलावर आता मला मान हलवून सांगणारं कुणी नाही हेही त्याच क्षणी कळलं. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेत डोळे उघडले.

बायकोचे मिटलेले होते. हात जोडलेले. गालावरून सरळ धार होती आणि ती पुसत नव्हती. आवाज अजिबात नव्हता. खांदे हलत नव्हते. इतकी वर्षं हेच असं चालत असणार, मी इतक्या जवळ. मी बघत राहिलो. मला तिच्या हातावर हात ठेवायचा होता, पण जोडलेले हात कसे सोडवायचे ते सुचेना. मी कसंबसं आमेन म्हटलं.

जेवण झालं. मुलगी आत गेली. बायको ओट्यापाशी भांडी विसळत होती, पाठ माझ्याकडे. मी फ्रीजवरची बॅटरी उगाच चालू करून बघितली. लागत होती.

"आज उघडे होते ना डोळे तुमचे?" ती म्हणाली.

"तुला कसं कळलं? तुझे तर मिटलेले होते."

"आमेन मधेच कुठेतरी म्हणालात." तिने नळ बंद केला. वळली नाही. "पुढच्या वेळी मिटा. ते बघायचे, हे मला माहीत होतं. माहेरच्या माणसासमोर रडायला काही वाटत नाही हो. तुमच्यासमोर मला अजून लाज वाटते."